बारा सत्तेचाळीस

पेट्रोल पंपावर शंभरचं पेट्रोल भरायचं, भरताना गुपचूप सगळं बघून ठेवायचं आणि घरी येऊन रिपोर्ट लिहायचा, हे काम मी चार वर्षं करतेय. मिस्टरी शॉपर म्हणतात. मुलगी म्हणते, आमची आई हेर आहे. या हेराला एका पंपाचे 250 रुपये मिळतात, पेट्रोलचे पैसे वेगळे.

जुलैतल्या एका शनिवारी मी चार पंप घेतले, दोन हडपसरचे आणि दोन सासवड रस्त्यावरचे. रांगेत किती मिनिटं गेली, पोरानं नावाची पट्टी लावलीय का, 'झिरो बघा' म्हणाला का, न मागता बिल दिलं का, हवा फुकट भरतात का, तक्रारवही, पिण्याचं पाणी, असे चाळीसेक प्रश्न असतात. शिवाय बायकांच्या स्वच्छतागृहाचा फोटो हवा, पण तो काढताना कुणाला दिसायचं नाही. मी फोनवर बोलल्याचं नाटक करते. एकदा नाटक रंगात आलं असताना कानाशी खराच फोन वाजला.

दुसऱ्या पंपानंतर भूक लागली म्हणून वडापाव बांधून घेतला आणि पर्समध्ये टाकला. तिथेच पहिली चूक झाली.

तिसऱ्या पंपावर पाऊस असा कोसळत होता की समोरचा ट्रक दिसेना. शेडमध्येही आडवं पाणी येत होतं. नोझल धरलेला पोरगा नखशिखांत भिजलेला, अंगात रेनकोट नाही. "काकू, शंभरचंच?" एवढंच म्हणाला आणि स्वतःच्या रुमालानं माझ्या गाडीची सीट पुसून दिली. 'झिरो बघा' काही म्हणाला नाही.

रिपोर्ट रात्री बाराच्या आत भरायचे होते. धायरीत घरी पोचले तर लाइट नाहीत. मोबाइलच्या नेटवर दोन रिपोर्ट साडेअकरापर्यंत गेले. तिसऱ्याला अडले. लाइटचं कारण मी नंतर सगळ्यांना सांगितलं आणि ते खोटं नव्हतं, पण खरी वीस मिनिटं गेली ती त्या झिरोच्या प्रश्नावर. उत्तर 'हो' किंवा 'नाही', मधलं काही नाही. सीट पुसून दिल्याला रकाना नाही. शेवटी 'नाही' केलं आणि शेऱ्यात 'पाऊस फार जोरात होता' असं लिहिलं. तिसरा रिपोर्ट गेला 12:20 ला, चौथा 12:47 ला.

दोन दिवसांनी मेल आला. उशिराच्या दोन्ही रिपोर्टांवर 30 टक्के कट, म्हणजे 175 आणि 175. दुसऱ्या पंपाचं ऑडिट बाद, कारण बिल वाचता येत नाही. वडापावच्या उष्णतेनं ते काळं ठिक्कर पडलं होतं. या बिलांचा कागद गरमीनं काळा पडतो हे मला चांगलं ठाऊक होतं. ऑडिट बाद झालं की भरलेल्या पेट्रोलचे शंभरही जातात. तिसऱ्या रिपोर्टातला माझा शेरा तपासणाऱ्यानं काढून टाकला होता. 'ऑडिटरने स्वतःचं मत लिहू नये.'

हिशेब असा: हजाराच्या जागी 600, त्यातून 10 टक्के टीडीएसचे 60 गेले, राहिले 540. पेट्रोलचे 300 धरून 840. टीडीएसचं मला काही वाटत नाही. तो 26एएसमध्ये दिसतो, रिटर्न भरलं की परत येतो. एजन्सीचा कट मात्र कुठल्याच कागदावर येत नाही. जणू मला मुळात तेवढेच मिळायचे होते.

फोन केला. को-ऑर्डिनेटर मुलगी गुरुग्रामची, आवाजावरून विशी-बाविशीची. "मॅडम, बारा मतलब बारा. मेरे हाथ में नहीं है." मला राग आला, पण तिला काय बोलणार? मी स्वतः रांगेतली मिनिटं स्टॉपवॉच लावून मोजते. एका पंपावर 4 मिनिटं 10 सेकंद झाली होती आणि मर्यादा 4 ची होती. ते दहा सेकंद मी लिहिलेच होते.

पैसे 45 दिवसांत यायचे होते. पन्नासाव्या दिवशी मेल टाकला, "क्लायंटकडून आले नाहीत." साठाव्या दिवशी पुन्हा तेच. गणपती बसले, गेले. एकाहत्तराव्या दिवशी बँकेचा मेसेज आला: 840. एक रुपया जास्त नाही. या सव्वीस दिवसांचा कट कुणाला, असं मी विचारणार होते, मेल लिहिलाही होता. पण त्याच सकाळी सातारा रस्त्यावरच्या एका सुपरमार्केटचं काम आलं होतं, 400 रुपयांचं. तो मेल ड्राफ्टमध्येच आहे.

सुपरमार्केटच्या बिलाचा फोटो काउंटरवरच काढला. रिपोर्ट बाहेर पायरीवर बसून भरला आणि संध्याकाळी 6:15 ला पाठवला. वडापाव त्यानंतर खाल्ला.