प्लगचं तोंड बघून

कार्बोरेटरवाल्या जुन्या मारुती ८०० चे प्लग मी घरीच बदलतो. तीनच सिलिंडर, तीनच प्लग. काम फार नाही. पण इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय हात लावायचा नाही. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, गरम असताना पाना फिरवला तर प्लगबरोबर आटेही निघून यायचे. खाचेतली धूळ आधी हवा मारून उडवायची, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये. वायरी एकेकच काढायच्या, अदलाबदल झाली की गाडी मिसिंग मारते. आणि ओढताना रबरी टोपी धरायची, वायर नव्हे.

निघालेले प्लग मी वर्तमानपत्रावर क्रमानं मांडतो आणि उजेडात त्यांची तोंडं बघतो. खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप त्यासाठीच. चिनीमातीचं टोक फिकट तपकिरी असलं की इंजिन खुशाल. कोरडी काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जातंय, किंवा एअर फिल्टर तुंबलाय. ओला, तेलकट काळा निघाला तर रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीलं थकलीत. नवा प्लग ते दुखणं थोडे दिवस झाकतो, इतकंच. पांढराफटक पडून फोड आले असतील तर तिथं जास्त तापतंय, किंवा प्लगच चुकीच्या हीट रेंजचा आहे. त्यातही गंमत अशी, की एनजीकेच्या नंबरात आकडा वाढला की प्लग ‘थंड’, बॉशमध्ये नेमकं उलट. दुकानदार ‘चालतंय हो’ म्हणाला तरी गाडीच्या पुस्तकातलाच नंबर मागावा.

साध्या प्लगचा गॅप फिलर गेजनं तपासून, वरचा इलेक्ट्रोड हलकेच वाकवून जमवता येतो. इरिडियमच्या नाजूक टोकाशी मात्र खेळू नये.

बसवताना पाना सगळ्यात शेवटी. प्लगच्या शेंडीवर रबरी नळीचा तुकडा खोचायचा आणि बोटांनी फिरवायचं. आटे तिरके लागले तर नळी सटकते, प्लग पुढे सरकत नाही. पान्याला ही समज नसते. तो रेटून घुसवतो आणि हेडचे आटे जातात. बोटांनी पूर्ण बसला की वॉशरवाल्या नव्या प्लगला पान्यानं अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. बस्स.

गॅरेजमध्येच काम करून घेणार असाल, तर जुने प्लग मागून घ्या, कुठला कुठल्या सिलिंडरचा हे विचारून. तिघांतला एकच काळा निघाला, तर दुखणं बहुधा त्याच सिलिंडरचं असतं.