जामीनदार

गोंदियात राइस मिलवाल्याची बायको म्हटलं की स्टेशनवरचा रिक्षावालाही दहा रुपये जास्त मागतो. मी ते देत असे, पण ते दहा रुपयेही मला घरात मागूनच घ्यावे लागत, हे त्याला कुठून कळणार? भाजीपासून माहेरच्या तिकिटापर्यंत सगळं मागून. वेगळं का व्हायचं ठरवलं, ते इथे सांगत नाही.

वकीलबाई नागपूरच्या. पहिल्याच भेटीत मी रडायला लागले. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि विचारलं, "तुमच्या नावावर काय काय आहे?"

"काहीच नाही."

"कधी कशावर सह्या केल्या?"

सह्या तर दरवर्षीच्या. मिलमधून मुनीमजी फाइल घेऊन यायचे. जिथे सही करायची तिथे आधीच पेन्सिलीनं बारीक फुल्या मारलेल्या. कणकेचे हात पदराला पुसायचे आणि फुलीवर सही करायची. वर काय छापलंय ते वाचायला कुणी मनाई केली नव्हती, हेही खरं.

माझ्या नावाने इन्कम टॅक्सचं रिटर्न भरलं जातं, एवढं ऐकून माहीत होतं. आधार माझ्या मोबाइलला जोडलेलं होतं, म्हणून ओटीपी घेऊन इन्कम टॅक्सच्या पोर्टलचा पासवर्ड बदलता आला. आत वार्षिक माहिती विवरणात तीन बँकांतल्या मुदत ठेवींचं व्याज, सगळं माझ्या पॅनवर. यातल्या एका बँकेची पायरीही मी चढले नव्हते. वकीलबाई म्हणाल्या, "इतक्यात पेढे वाटू नका. क्रेडिट रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा फुकट मिळतो."

मिल नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर. रिपोर्टात मात्र मिलचं कॅश क्रेडिट माझ्याही खाती, भूमिका: जामीनदार. रकमेतली शून्यं मी स्क्रीनवर बोट ठेवून मोजली. कर्जदाराइतकाच जामीनदार बांधलेला असतो आणि घटस्फोटाने जामिनकी सुटत नाही, हे त्या दिवशी कळलं.

मावशीचा एकच धोशा होता, "अर्धी मिल माग!" तिला समजावता समजावता माझाच घसा बसला. नवऱ्याच्या मिळकतीत बायकोचा निम्मा हिस्सा गोव्याच्या जुन्या पोर्तुगीज कायद्यात आहे, आपल्याकडे नाही. आपल्याकडे पोटगी, राहण्याची सोय आणि स्त्रीधन. स्त्रीधन मात्र पुरतं बाईचं. सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच प्रतिभा राणी खटल्यात ते सांगून ठेवलंय. मग मावशीलाच कामाला लावलं. लग्नाचा अल्बम मांडीवर घेऊन ती एकेक फोटो दाखवत गेली: ही गरसोळी आईची, या पाटल्या मामाकडच्या, हा गोफ सासरचा. मी लिहीत गेले. सोनाराची जुनी बिलं आईच्या ट्रंकेत सापडली, साडीच्या घडीत.

पोटगीचा अर्ज आला की भल्या भल्या शेठजींचं उत्पन्न एकाएकी आटतं. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात सुरू झालेलं रजनेश विरुद्ध नेहा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि 4 नोव्हेंबर 2020 च्या निकालापासून पोटगीच्या दाव्यात नवराबायको दोघांनाही आपली मिळकत आणि देणी शपथपत्रावर मांडावी लागतात. पोटगीही अर्ज केल्या तारखेपासून धरतात. शपथपत्रातलं खोटं पकडायला हाताशी काहीतरी हवं. घरात उघड्यावर पडलेले कागद, म्हणजे विजेची बिलं, गाडीचा विमा, शाळेच्या पावत्या, यांचे मी फोटो काढले. नवऱ्याच्या मोबाइलला किंवा बँक खात्याला हात लावायचा नाही, अशी वकीलबाईंची सक्त ताकीद होती. एकदा सासूबाईंनी विचारलं, "काय करून राहिली?" मी म्हटलं, "पसारा आवरते."

कोर्टात आलेल्या शपथपत्रात नवऱ्याचं महिन्याचं उत्पन्न मुलाच्या शाळेच्या महिन्याच्या फीपेक्षा कमी निघालं. वकीलबाईंनी काही न बोलता पावती समोर ठेवली. त्यानंतर तडजोडीची बोलणी सुरू झाली. परस्पर संमतीने सुटलो. एकरकमी पैसे ठरले आणि जामीनदार बदलून द्यायची अटही लिहून घेतली.

अट कागदावर आहे. बँक म्हणते, दुसरा जामीनदार आणा. नवरा म्हणतो, बघू. रिपोर्टात माझं नाव अजून आहे. दिवाळीनंतर धानाची खरेदी सुरू झाली की तिथला आकडा फुगतो, आणि मिलमध्ये माल पडला हे मला माहेरी बसल्या कळतं.