बाबांचा भोंगा आणि ताईंचा प्रश्न



महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही परदेशीपुऱ्यातल्या आजारी व वृद्ध मंडळींकडे ख्रिस्तप्रसाद घेऊन जातो. त्यांतले एक बाबा पूर्वी कापड मिलमध्ये साचे चालवत. मिल बंद होऊन तीस वर्षे उलटली, भोंगा केव्हाच मुका झाला. बाबा मात्र अजून पहाटे उठून डबा मागतात. मुलीला ते 'आई' म्हणतात. पण प्रभूची प्रार्थना सुरू केली की त्यांचे ओठ शेवटपर्यंत बरोबर हलतात.

मागच्या खेपेला ताई दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "हा आजार आता रक्तावरून आधीच कळतो म्हणे. मी करून घेऊ का तपासणी? परवा दूध गॅसवर ठेवून विसरले." आम्ही घाईने म्हटले, "ताई, प्रभूवर विश्वास ठेवा, काही होणार नाही." गल्लीच्या टोकाशी येईपर्यंत ते वाक्य आम्हालाच टोचू लागले. बाबांचा विश्वास काय कमी होता?

म्हणून आम्ही थोडे वाचले, ओळखीच्या एका डॉक्टरांना विचारले. आम्ही कलाशाखेचे, तेव्हा समजले तसे सांगतो. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड आणि टाऊ ही प्रथिने साचतात, आणि हे साचणे विसरभोळेपणा दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीपासून चालू असते. त्यांचा अगदी बारीक अंश रक्तात उतरतो. त्यातला 'पी-टाऊ २१७' आज सर्वांत भरवशाचा मानतात. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा पहिल्या रक्ततपासणीला मान्यता दिली. मात्र लक्षणे दिसू लागलेल्या आणि तज्ज्ञाकडे उपचार घेणाऱ्या माणसांसाठीच. लक्षणे नसताना 'बघू या तरी' म्हणून करण्याची ती तपासणी नव्हे. मूत्रपिंडाचा विकार असला तरी आकडा वाढलेला दिसतो. आणि आकडा वाढला म्हणजे विस्मृती येणारच, केव्हा येणार, हे एका माणसापुरते कोणी छातीठोक सांगू शकत नाही.

आपल्या देशात साठीपुढच्या लोकांत डिमेन्शियाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्रियांत ते पुरुषांहून जास्त आहे. आमच्या भेटींच्या यादीत तर हे दिसतेच. फक्त घरची मंडळी 'वय झालं' म्हणून सोडून देतात.

आणखी एक गोष्ट आठवली. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात प्रभू पेत्राला त्याच्या म्हातारपणाविषयी आधीच सांगतो: दुसऱ्याच्या हाताने कपडे चढतील, नको तिकडे नेले जाईल. लपवत नाही. आणि लगेच त्याला आपल्यामागे बोलावतो. (पेत्र तरी काय करतो? मागे वळून दुसऱ्या शिष्याचे काय होणार ते विचारतो. आपल्यासारखाच!) तेव्हा आधी जाणून घेऊ पाहणे हे अविश्वासाचे लक्षण आहे, असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणणार होतो?

या शुक्रवारी आम्ही ताईंची माफी मागितली. डॉक्टरांनी सांगितले तेही कळवले: आधी बी-१२, थायरॉइड, साखर आणि रक्तदाब पाहा, कारण विसरण्याची कित्येक कारणे बरी होणारी असतात, कानही तपासा, ऐकू कमी येणे हाही मोठा धोका आहे. ताई म्हणाल्या, "चार महिने नीट झोपले नाही मी. रात्री बाबा उठतात ना." त्या डॉक्टरांकडे जातील त्या दिवशी बाबांजवळ आमच्यापैकी दोघी बसणार आहेत. इतर रात्रींचे काय करायचे ते अजून ठरत नाही. कोणाला एखादी रात्र देता येत असेल तर रविवारच्या मिस्सानंतर भेटावे.

निघताना बाबांनी विचारले, "पाळी कुठली?"

"पहिली, बाबा."

"मग लवकर झोपा," ते म्हणाले.