गाडीबाहेरचा संसार

मुंबईच्या रस्त्यांना नावे ठेवणारे पुष्कळ. पण त्या रस्त्यांचा मार मुकाट्याने खाणाऱ्या वस्तूंची विचारपूस कोणी केली आहे काय? गिरगाव ते दादर या वाटेवर मी वर्षानुवर्षे काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून गेलो आणि माझे लक्ष हटकून डाव्या मडगार्डाजवळच्या मीटरकडे जाई. गाडीतली सर्वांत नाजूक वस्तू, आणि तीच उंबरठ्याबाहेर!

(‘मडगार्ड’ला प्रतिशब्द सुचवण्याचा मोह मी आवरला आहे. लालबागच्या गॅरेजात तो कोणाला कळायचा?)

ड्रायव्हर डाव्या खिडकीतून हात बाहेर काढून मीटरचा बावटा पाडी. गिअरबॉक्सपासून निघालेली लवचीक केबल फिरू लागे, आकडे सरकत. उतरल्यावर गिऱ्हाईक वाकून आकडा वाचायचे आणि छापील कार्डावर त्याचे चालू भाडे पाहायचे. दोघांमधला विश्वास त्या पेटीत असे. केबल तुटली, की गाडी धावे. अंतराचा आकडा मात्र जागचा हलत नसे. मग वाद ठरलेला.

त्यात चौपाटीवरचा खारा वारा, परळचे खड्डे आणि आषाढातला पाऊस! म्हणून मीटरला बाळाच्या कुंचीसारखे रेक्झिनचे टोपरे असे. पावसाळ्यात वरून प्लॅस्टिकची पिशवी. कोणी केबल तारेने आवळून बांधी. चाकांमागे जुन्या टायरचे तुकडे लोंबत, म्हणजे उडालेले खडे पत्र्याला लागू नयेत. मला ही कारागिरी कारखान्यातल्या कारागिरीहून कमी वाटली नाही.

खरी परीक्षा हिंदमाताला. तिथे पाणी तुंबले, की सायलेन्सरचे तोंडच बुडे. लालबागचा एक वयस्क ड्रायव्हर पहिल्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय न उचलता गाडी काढत होता. मी म्हटले, “जरा थांबू या का?”

“थांबलो तर नळीतून पाणी आत येईल, मास्तर. नळीतून धूर बाहेर जातोय, तोवर पाणी आत शिरत नाही. गाडी बंद पडली तर धक्का मारायला तुम्हालाच उतरावं लागेल.”

मी धोतराऐवजी पँट घालून आलो होतो, याचे समाधान मानले.

२०१२ नंतर इलेक्ट्रॉनिक मीटर आले आणि पेटी घरात आली. ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत २०२३ मध्ये संपली. आता भाडे आतच, तांबड्या आकड्यांत दिसते. वाकावे लागत नाही. ड्रायव्हरचाही एक खर्च वाचला.

परवा दादरला एका नव्याकोऱ्या टॅक्सीतून उतरलो. सहज मागे पाहिले, तर चाकामागे जुन्या टायरचा तुकडा तारेने बांधलेला होता.