उजव्या हाताची नर्मदा

बरगीच्या जलाशयात मोटरबोटीने फिरायचं, तर आधी वेगाचा मोह सोडावा लागतो. जबलपूरहून आलेली बहुतेक मंडळी भर्रकन एक चक्कर मारतात, तोंडावर पाणी उडवून घेतात, फोटो काढतात आणि चहा प्यायला परततात. आम्हाला मात्र अख्खा दिवस काढायचा होता, तोही काठाकाठाने. नावाड्याने आधी संशयानेच पाहिलं. "किनारे में क्या देखोगे?" मग मनातल्या मनात पेट्रोलचा हिशेब केला आणि तयार झाला.

बरोबर जबलपूरची मावशी होती. नर्मदेची परिक्रमा पायी केलेली. परिक्रमेत नर्मदा कायम उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचं नाही. नावेत बसायचं ते थेट समुद्राशी, विमलेश्वरहून मिठीतलाईला जाताना. परिक्रमा पुरी झाली की हे बंधन उरत नाही, पण मावशीचं अंग ते मानायला तयार नाही. बोटीत पाय ठेवण्याआधी तिने पाण्याचा हात कपाळाला लावला, लाइफ जॅकेटच्या पट्ट्या पदरावरून आवळल्या आणि बजावलं, "भैया, किनारा बाएँ हाथ पे रखना."

दोरीला हिसका देऊन त्याने इंजिन सुरू केलं, लगेच रेस उतरवली, आणि आम्ही झाडांच्या सावलीला धरून निघालो. इंजिन असं पुटपुटत चाललं की काठावरचं सगळं ऐकू येतं. शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा, पलीकडे कुणीतरी कुणाला तरी घातलेली शिवी. जानेवारीचा महिना. पाणी जरा उतरलेलं, आणि उतरलं तिथे लगेच शेत उभं. ओल्या गाळात मटार, हरभरा, गहू. पाण्याची कड जशी मागे सरकते, तशी माणसं तिच्या मागोमाग पेरत जातात. पावसाळ्यात धरण भरलं की ही जमीन पुन्हा पाण्याची.

नर्मदेवर आखलेल्या तीस मोठ्या धरणांपैकी पहिलं पुरं झालं ते हे. काम १९७४ साली सुरू झालं, संपलं १९९० साली. मागे मंडल्याच्या दिशेने सुमारे ७५ किलोमीटर पाणी साचलं. १८५७च्या उठावात इंग्रजांशी लढलेल्या रामगढच्या राणी अवंतीबाईंचं नाव या जलाशयाला दिलंय. मावशी ते नाव घेत नाही. तिच्या लेखी ही मैयाच, फक्त जरा पसरलेली.

एका वळणावर नावाड्याने इंजिन बंद केलं आणि पंखा पाण्याबाहेर उचलला. समोर काळी, बोडकी खोडं पाण्यातून वर आलेली. सागवानाची असावीत, एकावर पाणकावळा पंख वाळत घालून बसलेला. बांबूने रेटत, खोडं चुकवत तो बोट नेऊ लागला. बुडालेल्या झाडाइतका पंख्याचा दुसरा वैरी नाही, असं त्याचं म्हणणं. मग बांबू तसाच खाली दाबून धरून म्हणाला, "इसके नीचे नाना का गाँव है." आवाजात दुःख वगैरे काही नव्हतं. स्टेशन कुठे आहे ते सांगावं, तसं सांगितलं.

१०१ गावं बुडतील असा सरकारी हिशेब होता. पाणी अडवल्यावर १६२ बुडाली. पुनर्वसनाच्या काही वसाहतीही त्यात गेल्या. एवढी मोठी चूक वहीखात्यात होते तेव्हा ती भरायला नेमकी वही नसलेली माणसं लागतात. कित्येक जण जबलपुरात रिक्षा ओढू लागले, झोपडपट्ट्यांत राहिले. काहींनी संघटना बांधली, भांडले, आणि ९०च्या दशकात याच पाण्यात मासेमारी करायचा हक्क त्यांच्या सहकारी संस्थांनी मिळवला. आम्हाला दिसलेल्या होड्यांमधून कतला आणि रोहू निघत होते. आजोबांच्या शेतावर नातवाचं जाळं.

आम्ही ज्यांना बेटं समजत होतो, ती टेकड्यांची डोकी. अशाच एका डोक्यावर बोट लावून मटाराच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं खाल्लं. जबलपूरचा मटार हिवाळ्यात इतका गोड असतो की साखर घातली का, असं विचारावंसं वाटतं. नावाड्याने आधी नको-नको केलं, मग चांगल्या पाच-सहा पुऱ्या खाल्ल्या. जेवताना मावशीने विचारलं, परिक्रमेची जुनी वाट कुठून जायची? त्याने पाण्याच्या मध्यावर बोट दाखवलं. आता चालणाऱ्यांना लांबून वळसा पडतो. ते ऐकून मावशी बराच वेळ गप्प बसली. तिच्या स्वभावात न बसणारी गोष्ट.

परतताना अडचण आली. तोच काठ आता उजवीकडे, म्हणजे नर्मदा डावीकडे. मावशी उठली आणि बोटीच्या तोंडाकडे पाठ करून बसली. नर्मदा पुन्हा उजव्या हाताला. धक्का येईपर्यंत ती अशीच, आलेल्या वाटेकडे पाहत बसून होती.

तुम्ही बरगीला गेलात तर चक्कर मारणाऱ्या बोटीत बसू नका. थोडे पैसे जास्त द्या, काठाने हळू न्यायला सांगा, आणि नावाड्याला खालच्या गावांची नावं विचारा. त्याला ती पाठ आहेत.