पराभूत संघाकडून

गेल्या हिवाळ्यात द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी हजेरीच्या सवलतीचा अर्ज घेऊन माझ्याकडे आला. अर्जाला वर्तमानपत्रातली सहा कात्रणे टाचलेली होती. प्रत्येक कात्रण जेमतेम दोन-अडीच इंचांचे. मुलगा लालबागचा; तिथल्या एका क्रीडा मंडळाच्या कुमार गटाच्या कबड्डी संघात डावा कोपरा सांभाळणारा. विद्यापीठाच्या नियमानुसार ७५ टक्के उपस्थिती आवश्यक असते आणि आमच्या महाविद्यालयात तो हिशेब पाहणाऱ्या समितीवर मी आहे. शिवाय त्याची अंतर्गत चाचणी बुडाली होती. त्याच दिवशी त्याची जिल्हा संघाची निवड चाचणी होती. एका चाचणीसाठी त्याने दुसरी सोडली होती, इतकेच.

मी कात्रणे वाचली, आणि मराठीची शिक्षिका असल्यामुळे मजकुराआधी भाषा वाचली. 'झंझावाती चढाया', 'भक्कम पकडी', 'अटीतटीची लढत', 'निर्णायक लोण'. सहाही बातम्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या. मी किंचित हसलेही असेन. म्हटले, "अरे, कात्रण हा पुरावा होत नाही. संघटनेचे पत्र आण." तो "बरं मॅडम" म्हणाला आणि गेला. पत्र मिळायला तीन आठवडे लागले. तोवर फेरचाचणीची मुदत संपली होती. हजेरीचे प्रकरण मिटले, चाचणीचे गुण मात्र गेले ते गेलेच. नियमाप्रमाणे माझे काहीही चुकले नव्हते. कात्रणांच्या झेरॉक्स प्रती माझ्या खणात राहिल्या. त्या फेकून देणे जमेना, तेव्हा मी त्या पुन्हा वाचू लागले, आणि पुढे तो सबंध हंगाम क्रीडापानाच्या तळाशी असलेला तो कोपरा रोज पाहू लागले.

'कुमार' हा शब्द आपल्याला वाङ्मयाच्या वर्गीकरणातून परिचित आहे. बालवाङ्मय, किशोरवाङ्मय, कुमारवाङ्मय अशा पायऱ्या आपण शिकवतो आणि त्यांच्या सीमारेषा धूसर आहेत असेही सांगतो. कबड्डीत त्या मुळीच धूसर नाहीत. किशोर म्हणजे १६ वर्षांपर्यंतचा आणि ५५ किलोंच्या आतला. कुमार म्हणजे २० वर्षांपर्यंतचा आणि ७० किलोंच्या आतला. सामन्याआधी वजनकाट्यावर उभे राहावे लागते. माझा विद्यार्थी ७१च्या आसपास घुटमळणारा. वजनाच्या आदल्या रात्री तो जेवत नसे आणि पहाटे अंगात जाड जॅकेट घालून पळत असे. वर्गात मागच्या बाकावर त्याला डुलकी लागे, ती मी 'विषयाविषयी अनास्था' या सदरात जमा केली होती. कुमार गटातले हे त्याचे शेवटचे वर्ष होते. पुढच्या हंगामात पुरुष गट. तिथे वजनाची मर्यादा ८५ किलोंची आणि समोर नोकरीला लागलेले तयार खेळाडू.

या नोकरीच्या गोष्टीकडे आपण साहित्याचे लोक सहसा दुर्लक्ष करतो. रेल्वे, पोलीस, बँका, बंदर यांच्या कबड्डी संघांनी मुंबईतल्या कित्येक घरांना पगार दिला आहे. राज्य शासनाच्या सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. म्हणून प्लास्टिकच्या फायलीत जपलेल्या कात्रणांकडे, प्रमाणपत्रांकडे केवळ हौस म्हणून पाहता येत नाही. लालबाग-परळमध्ये या खेळाची पाळेमुळे गिरणीच्या पाळीइतकीच जुनी आहेत. कोकणातून, घाटावरून आलेला माणूस दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपे. त्याच्या अंगातल्या उरलेल्या जोराला व्यायामशाळा आणि हुतुतूचे मैदान एवढ्याच दोन जागा होत्या. खेळाला लागते काय? ओंजळभर माती, चुन्याची रेघ आणि दम. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. पुढे गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी मनोरे आले. मंडळे मात्र बरीचशी टिकली. संपाविषयी आपल्याकडे नाटके आहेत, कादंबऱ्या आहेत, 'कथा मुंबईच्या गिरणगावची'सारखा मौखिक इतिहासाचा मोठा ग्रंथ आहे. संध्याकाळी सात वाजता माती चाळून, पाणी मारून, रोलर फिरवून मैदान तयार करणाऱ्या मुलांचा इतिहास मात्र प्रामुख्याने त्या दोन इंचांतच आहे.

म्हणून त्या दोन इंचांची रचना नीट पाहिली पाहिजे. पहिल्या वाक्यात विजयी संघ, पराभूत संघ आणि गुणसंख्या. दुसऱ्यात मध्यंतराची आघाडी. तिसऱ्यात विजयी संघाच्या चढाईपटूचे आणि पकड करणाऱ्याचे नाव. चौथे वाक्य बहुधा 'पराभूत संघाकडून' या शब्दांनी सुरू होते आणि तिथेही दोन नावे येतात. हे चौथे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटू लागले आहे. हरलेल्यांपैकीही कोणीतरी चांगले खेळले, हे रोज न चुकता नोंदवणारी ही पद्धत कुणी सुरू केली असेल कोण जाणे. पण आपल्या समीक्षेतही ती इतकी नियमाने पाळली जात नाही.

साच्याविषयीचे माझे मतही बदलले. आपल्याकडचे वीरगळ आठवून पाहावेत. मुंबईतच बोरिवलीजवळ एकसरला आहेत. खालच्या पट्टीत लढाई, वर वीराला नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवपूजा. शतकानुशतके रचना जवळपास तीच, आणि बहुतेकांवर नाव नाही. तो वीर कोण, हे दगड सांगत नाही. कबड्डीच्या बातमीतही सारे साचेबंद आहे. पण त्यात नाव आहे. साचा ठरलेला असल्यामुळेच दिवसाला आठ सामन्यांची बातमी लिहिणाऱ्याला त्यात सोळा-वीस मुलांची नावे बसवता येतात. विशेषणे झिजलेली असतील, नावे झिजलेली नाहीत.

माघाच्या एका संध्याकाळी मी सामना पाहायला गेले. उपउपांत्य फेरी होती. मैदान दोन चाळींच्या मधले, दिवे बांबूंवर बांधलेले, आणि गॅलऱ्यांतून बायकामुले. निवेदक चढाईला 'रेड' म्हणत होता, 'सुपर टॅकल', 'डू ऑर डाय' म्हणत होता. २६ जुलै २०१४ रोजी वरळीत प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला, तेव्हापासून ही भाषा दूरचित्रवाणीवरून मैदानात उतरली. तिने खेळाला पैसा आणि प्रतिष्ठा दिली, हे मान्यच करायला हवे. पण सात जण बाद झाले तेव्हा गॅलरीतून एक म्हातारे गृहस्थ ओरडले, "लोण!" तो शब्द आट्यापाट्यांतही आहे. लोण म्हणजे मीठ. 'ऑल आउट' म्हटल्याने दोन गुण तितकेच मिळतात. फक्त शब्दातली मिठाची चव जाते.

आमचा मुलगा डाव्या कोपऱ्यात वाकून उभा होता. चाळीस मिनिटांत त्याच्या वाट्याला एकच पकड आली. संघाचे तीनच खेळाडू उरले असताना त्याने चढाईपटूचा घोटा धरला. अव्वल पकड, दोन गुण. त्यानंतर पुढच्या दोन चढायांत लोण चढला आणि सामना सहा गुणांनी गेला. दुसऱ्या दिवशी बातमीत चौथे वाक्य होते. त्यात त्यांच्या चढाईपटूचे नाव होते, मध्यरक्षकाचे होते. याचे नव्हते.

तो भेटला तेव्हा मीच विषय काढला. म्हटले, तुझे नाव यायला हवे होते. तो सहज म्हणाला, "मॅडम, कोपऱ्याचं नाव पकड केली तर येतं. पण कोपरा चांगला असला की चढाईवाला तिकडे येतच नाही. तो आलाच नाही, हे पेपरवाला कसं लिहिणार?"

मी वीस वर्षे वर्गात 'अनुक्त' या कल्पनेवर बोलत आले आहे. संहितेत जे नाही त्याचा अर्थ कसा लावायचा, याची उदाहरणे देत आले आहे. इतके नेमके उदाहरण मला सुचले नव्हते. आणि हा मुलगा ज्या दिवशी वर्गात नव्हता, त्या दिवसाचा अर्थ लावण्याची वेळ माझ्यावर आली तेव्हा मी फक्त रकान्यातली फुली वाचली होती.

व्यावहारिक मराठीच्या अभ्यासक्रमात बातमीलेखन आहे. सत्रपरीक्षेत 'आपण पाहिलेल्या एखाद्या कार्यक्रमाची बातमी तयार करा' असा प्रश्न मी घातला होता. त्याने तो सामना लिहिला. चार वाक्ये, ठरलेल्या क्रमाने. 'झंझावाती' होते, 'भक्कम' होते. बातमीत विशेषणे टाळावीत हा मी शिकवलेला नियम त्याने खुशाल मोडला होता. चौथ्या वाक्यात पराभूत संघाच्या चढाईपटूचे आणि मध्यरक्षकाचे नाव होते, वर्तमानपत्रात होते तसेच. त्याखाली एक पाचवे वाक्य होते, जे कुठल्याच बातमीत मी वाचलेले नाही: 'पराभूत संघाच्या डाव्या कोपऱ्याकडे प्रतिस्पर्धी चढाईपटू फारसे फिरकले नाहीत.'

नाव नव्हते. समासात 'कोण?' असे लिहायला लाल पेन टेकवले होते, ते उचलले. १० पैकी ८ दिले. दोन गुण विशेषणांचे कापले. नियम तो नियम. अंतर्गत चाचणीचे गुण यातून भरून निघत नाहीत, हे त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही.

आता तो पुरुष गटात खेळतो. म्हणजे सध्या राखीव खेळाडूंत बसतो. राखीव खेळाडूंची नावे बातमीत येत नाहीत. मी तो कोपरा अजून वाचते.