42.34 मीटर

2024 साली आलेला 'ऐ वतन मेरे वतन' आपल्यापैकी बऱ्याच घरांत पाहिला गेला. त्यामुळे 1942 चा काँग्रेस रेडिओ आणि उषा मेहता मुलांना ठाऊक आहेत. त्यांचा प्रश्न वेगळाच होता. पोलीस मागावर, म्हणून ही मंडळी मुंबईत सारखी जागा बदलत. मग नव्या घरात जाऊन नुसते बटण दाबले की झाले?

आम्ही पडलो रसायनवाले. डॉक्टरेट असली तरी व्हॉल्व्हचा रेडिओ फक्त आजोळच्या फळीवर पाहिलेला! शेवटी अ‍ॅमस्टेलव्हीनच्या आमच्या गल्लीतले ओपा मदतीला आले. ते परवानाधारक हौशी रेडिओवाले. व्हॉल्व्हचा ट्रान्समीटर त्यांनी स्वतः बांधला आहे. काँग्रेस रेडिओची लहर 42.34 मीटरची, म्हणजे सुमारे 7.08 मेगाहर्ट्झ. आज ती हौशी मंडळींच्या पट्ट्यात येते, त्यामुळे ओपांनी नेमके तिथेच लावून दाखवले.

त्यांच्या व्हॉल्व्हवर 600 व्होल्ट आणि 100 मिलिअँपिअर असतात. त्याला समोर सुमारे 3000 ओहमचा भार हवा. एरियलचा असतो 75. सरळ जोडले तर बरीचशी शक्ती व्हॉल्व्हमध्येच उष्णता होऊन राहते, प्लेट लाल होते. म्हणून मध्ये एक कॉइल आणि तिच्या दोन्ही टोकांना एकेक कंडेन्सर. व्हॉल्व्हकडचा फिरवत मीटरचा काटा एकदम खाली पडतो ती जागा धरायची (टायट्रेशन केलेल्यांना हा क्षण ओळखीचा वाटेल), मग एरियलकडचा किंचित फिरवायचा, पुन्हा पहिला.

भार जोडल्यावर या मंडलाचा जो 'क्यू' उरतो, तो ओपा 12 च्या आसपास ठेवतात. क्यू म्हणजे आत झोके घेणारी ऊर्जा आणि दर झोक्याला बाहेर पडणारी ऊर्जा यांच्या प्रमाणाचे माप. फार कमी ठेवला तर दुप्पट-तिप्पट कंपनसंख्येच्या नको त्या लहरीही बाहेर जातात. फार वाढवला तर शक्ती कॉइलमध्ये जिरते: मोकळ्या कॉइलचा क्यू 200 असेल तर 12 वर 6 टक्के, 50 वर 25 टक्के.

आता मुंबईचा विचार करा. एरियलचा भार तिच्या लांबी-उंचीवर, जवळच्या भिंती-पत्र्यांवर ठरतो. जागा बदलली की जुळवणी नव्याने, आणि तीही लहरी बाहेर जात असताना, म्हणजे माग काढणाऱ्यांना ऐकू जात असताना! या गटाला राममनोहर लोहियांइतकीच तंत्रज्ञाची गरज होती ती यासाठी. 12 नोव्हेंबर 1942 ला गिरगावच्या पारेखवाडीत उषाताई पकडल्या गेल्या. पुढे चार वर्षांची शिक्षा झाली. ठिकाण फुटले ते तंत्रज्ञाकडूनच, असे त्या नंतर सांगत. तरीही त्याला निव्वळ खलनायक करू नये असे आम्हाला वाटते, कारण तोवर रेडिओ बोलता ठेवणारे हातही तेच.

15 ऑगस्टच्या मुलांच्या नाटुकल्यात हे पात्र घेतले आहे. खरा संच दाखवायला ओपा तयार आहेत. मात्र आत 600 व्होल्ट आहेत, तेव्हा एका वेळी दोनच मुले आणि सोबत एक पालक.